एका टेकचे काका

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये कुणाचा डबा कुणाच्या घरी आहे हे आता कुणालाच सांगता येत नाही. चिवड्याचा जातो, लाडवांचा येतो आणि झाकण तिसऱ्याचंच असतं. साठेकाकांच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. शनिवारी आमच्यातल्या संदीपच्या बेसमेंटमध्ये जमलो की एकजण सुरू करतो, दुसरा भर घालतो, आणि महिन्याभरानं तोच किस्सा मला कुणीतरी नवीन म्हणून ऐकवतं. म्हणून म्हटलं, जे मी स्वतः पाहिलं किंवा काका-काकूंच्या तोंडून ऐकलं, तेवढं तरी लिहून ठेवावं.

काका म्हणजे प्रभाकर साठे. पुण्याहून एमएस करायला आले आणि तीस वर्षं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर होते. एका सोमवारी कंपनीनं त्यांचं डिपार्टमेंटच बंद केलं. बाकीच्यांनी रेझ्युमे अपडेट केले. काकांनी दोन फोटो काढून घेतले, एक हसरा आणि एक गंभीर, आणि ते शिकागोतल्या एका एजंटबाईंना नेऊन दिले. कॉलेजात असताना नाटकांत कामं केली होती, एवढंच त्यांचं क्वालिफिकेशन. पण शिकागोत हॉस्पिटलच्या, पोलिसांच्या आणि आगीच्या बंबवाल्यांच्या मालिकांचं शूटिंग सतत चालू असतं, आणि टीव्हीवरच्या प्रत्येक हॉस्पिटलात एक भारतीय डॉक्टर लागतोच. त्याला आता बारा वर्षं झाली.

* * *

पहिली भूमिका मात्र डॉक्टरची नव्हती, प्रेताची होती.

जानेवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ. काकूंनी बजावून आतून थर्मल घालायला लावलं होतं. तिथे कपडेपटाच्या बाईंनी ते उतरवायला लावलं, कारण शवागारातलं प्रेत थर्मल घालत नाही. काकांना स्टीलच्या थंडगार टेबलावर आडवं केलं, वर एक पातळ चादर. तिथे उभे असलेले सगळे जिवंत लोक कुडकुडत होते. काका हलले नाहीत. श्वास कधी घेतला हेसुद्धा कळलं नाही म्हणे. एका टेकमध्ये शॉट ओके झाला आणि डायरेक्टर स्वतः येऊन म्हणाला की इतकं चांगलं प्रेत त्याला या सीझनमध्ये मिळालं नव्हतं.

तेव्हापासून काकांचा एकच अभिमान. "माझ्यामुळे आजवर एकही रीटेक झालेला नाही," हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

काकूंना याचं काही कौतुक नव्हतं. म्हणाल्या, "दर रविवारी जेवण झालं की हे सोफ्यावर तेच करतात. फक्त घोरतात."

त्या वेळी संदीपची आई मुंबईहून आलेली होती. त्या मावशींनी तो एपिसोड पाहिला. पुढं दोन महिन्यांनी त्याच मालिकेत काका डॉक्टर म्हणून आले. मावशी अगदी समाधानानं म्हणाल्या, "चला, बरे झाले म्हणजे."

* * *

अमेरिकन टीव्हीत अशा नटांची एक जातच असते. चेहरा सगळ्यांना ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. काकांच्या भूमिकांना तर नावंच नसत. डॉक्टर नंबर दोन. छत्रीवाला माणूस. टॅक्सी ड्रायव्हर. चिडका शेजारी. एकदा नुसतंच 'लिफ्टमधला गृहस्थ'. एपिसोडच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत ही अशी विशेषणं आणि त्यांच्यासमोर 'प्रभाकर साठे'.

ती यादी बघायला आम्ही सगळे संदीपकडे जमायचो, कारण त्याचा टीव्ही सगळ्यात मोठा. पण हल्ली गंमत अशी आहे की एपिसोड संपतो न संपतो तोच टीव्ही आपणहून पुढचा एपिसोड लावतो. नावं वर सरकायला लागली की आपल्या हातात पाच सेकंद. पहिल्यांदा तर रिमोटच सापडेना. बाराजण उठून उशा उपसतायत, भेळेची वाटी सांडली, आणि तोवर पुढच्या एपिसोडमध्ये गोळीबार सुरू झाला. रिमोट काकांच्याच मांडीखाली होता. ते यादीकडे इतके एकटक बघत होते की त्यांना तो टोचलासुद्धा नाही.

परत लावून पाहिलं. 'डॉक्टर नंबर दोन: प्रभाकर साठे.' आम्ही टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "एक नाव असलेला माणूस करायचाय मला. नाव असलं की कुणीतरी हाक मारतं. टीव्हीवर मला अजून कुणी हाक मारलेली नाही."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

* * *

डॉक्टर म्हणून काकांना बहुतेक वेळा एकच वाक्य असतं. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "आय अ‍ॅम सॉरी. वी डिड एव्हरीथिंग वी कुड." वेगवेगळ्या मालिकांत त्यांनी इतक्या बायकांना विधवा केलंय की काकू म्हणतात, देवळात गेलं की मी ह्यांना आधी हात जोडायला लावते.

एकदा शिकागोहून परत येताना ट्रेनमध्ये समोर एक गोऱ्या आजीबाई बसल्या होत्या. तीन स्टेशनं त्या काकांकडे रोखून बघत होत्या. चौथ्याला त्यांना आठवलं. त्यांनी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. मालिकेतल्या त्या फायरमनची नवी बायको गरोदर आहे हे माहीत असून तुम्ही ऑपरेशनला इतका उशीर का केलात, असं विचारलं. काकांनी आपण नट आहोत वगैरे सांगून पाहिलं. आजीबाई ऐकेनात. शेवटी काकांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि आपलं वाक्य म्हटलं. आजींनी त्यांचा हात थोपटला आणि पुढच्या स्टेशनवर उतरून गेल्या.

"कुठलाही सीन असो, एका टेकमध्ये," काका म्हणाले.

* * *

आता उपासाचा किस्सा. काका संकष्टी करतात, अमेरिकेत आल्यापासून एकही चुकलेली नाही. आणि एकदा नेमकं संकष्टीलाच शूटिंग निघालं एका जेवणाच्या सीनचं. नायक-नायिका हॉटेलात भांडतात आणि मागच्या टेबलावर काका जेवतात.

सीन लांबला. नायक पुन्हा पुन्हा रीटेक मागत होता; नऊ टेक झाले आणि दर टेकला नवी ताटली. अशा वेळी घास चावायचा आणि 'कट' झाला की टेबलाखालच्या बादलीत थुंकून टाकायचा, अशी तिथली पद्धत. नाहीतर माणूस संध्याकाळपर्यंत आजारी पडेल. सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्या प्रॉपवाल्या मुलीनं बादली आणून ठेवली. काकांनी ताटात वाकून पाहिलं. कुस्करलेला बटाटा, लोणी आणि मीठ. बटाटा उपासाला चालतो! आणि अन्न थुंकायचं म्हणजे काय? काका नऊच्या नऊ ताटल्या संपवून उठले. प्रॉपवाली मुलगी घाबरून दोनदा विचारून गेली, आर यू ओके.

घरी काकूंनी चंद्रोदय बघून उकडीचे मोदक केलेले होते. उपास सोडायला पोटात जागाच नव्हती. काकूंनी ताट वाढलं, समोर बसल्या आणि बघत राहिल्या. काका तीन मोदक खाऊन उठले. म्हणतात, कारकिर्दीतला तोच सगळ्यात अवघड अभिनय.

* * *

नाव असलेला माणूस एकदा अगदी हातात आला होता, तोही किस्सा सांगायलाच हवा.

सातव्या की आठव्या वर्षी एका मालिकेत काकांना चांगले चार सीन मिळाले. डॉक्टरच, पण यात नायिका त्याला नावानं हाक मारते. लेखक तरुण मुलगा होता. त्यानं काकांनाच विचारलं, तुमच्याकडचं एखादं खरंखुरं आडनाव सुचवा.

इथं कुणीही माणूस 'पटेल' म्हणून मोकळा झाला असता. पण काका पुण्याचे. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी ईमेल केली: डॉक्टर सहस्रबुद्धे. नायिका बिचारी चार दिवस मेकअपच्या खुर्चीत बसून ते घोकत होती आणि तिला ते चक्क जमलं.

पण टीव्हीच्या कायद्याची एक गोम असते. पात्राचं नाव असं हवं की त्या नावाची माणसं एक तर पुष्कळ असावीत, नाहीतर एकही नसावं. एकच असेल तर तो उद्या कोर्टात जाईल. वकिलांनी इलिनॉय राज्यभर शोधलं. डॉक्टर पटेल रगड. डॉक्टर सहस्रबुद्धे बरोब्बर एक निघाला, आणि तोही आमचाच, नेपरव्हिलमधला डेंटिस्ट! झालं. नाव गेलं आणि नायिका चारही सीनमध्ये काकांना नुसतं 'डॉक्टर' म्हणाली.

काकांना फार लागलं ते. पुढचे सहा महिने दाढ दुखत असून ते सहस्रबुद्ध्यांकडे गेले नाहीत, शेजारच्या गावातल्या पटेलांकडे गेले.

* * *

मधल्या काळात मराठी मंडळानं काकांना टीव्हीस्टार म्हणून दिवाळीच्या नाटकात राजा केलं. पण इतक्या वर्षांची सवय अशी सुटत नाही. मुख्य नटाला झाकायचं नाही, कॅमेऱ्याच्या मध्ये यायचं नाही, हे अंगात मुरलेलं. पडदा वर गेला तेव्हा सिंहासन रिकामं आणि राजा भालदाराच्या मागे अदबीनं उभा. संदीप भालदार होता. त्यानं ढकलून ढकलून राजाला पुढे आणलं.

* * *

इथं काकूंविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नलिनीकाकूंनी पंचवीस वर्षं इथल्या पब्लिक लायब्ररीत नोकरी केली. हायवेवर माझ्यापेक्षा जोरात गाडी चालवतात. लायब्ररीतल्या डायरेक्टरला पहिल्या नावानं हाक मारायच्या. पण नवऱ्याचं नाव घेत नाहीत. काका म्हणजे 'अहो' आणि 'हे', बस. व्रत वगैरे काही नाही, नुसतं तोंडातून निघत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. एका अवाढव्य दुकानात काका हरवले आणि त्यांचा फोन गाडीत राहिलेला. काउंटरवरची मुलगी माइक हातात घेऊन म्हणाली, नाव सांगा, अनाउन्स करते. काकू म्हणाल्या, "माय हसबंड." मुलगी म्हणाली, हो, पण नाव? काकूंनी शांतपणे पर्समधून पेन काढलं आणि पावतीच्या पाठीवर नाव लिहून दिलं. मी शेजारी उभी, मला विचारलंसुद्धा नाही. त्या मुलीनं 'प्रभाकर'चं जे काही केलं ते मला लिहिता येणार नाही. काका चीजच्या फ्रिजपाशी उभे राहून दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत असं समजून ऐकत होते.

गाडीत मी विचारलंच. काकू म्हणाल्या, "लग्नात घेतलं होतं एकदा, उखाण्यात. सगळे मागे लागले होते म्हणून. ते पुरलं."

* * *

हल्ली ऑडिशनला जावं लागत नाही. घरच्या घरी फोनवर व्हिडिओ काढून पाठवायचा. पण समोरच्या पात्राचे संवाद कॅमेऱ्याच्या मागून कुणीतरी वाचावे लागतात. ते काम काकूंचं. खुनी, पोलीस, रडणारी आई, वकील, सगळ्यांचे संवाद त्या एकाच सुरात वाचतात. पुस्तक परत करायची तारीख उलटलीय, हे लायब्ररीत ज्या सुरात सांगायच्या त्या.

एकदा काकांनी नाव असलेल्या एका भूमिकेसाठी टेप केली. पात्राचं नाव विक्रम. काकूंचं वाक्य होतं, विक्रम, ती बंदूक खाली ठेव. त्यांनी ते बेधडक म्हटलं. मी फोन धरून उभी होते. म्हटलं, काकू, हे बरं जमलं तुम्हाला. म्हणाल्या, "न जमायला काय झालं? विक्रम माझा कोण लागतो?"

ती भूमिका काकांना मिळाली नाही. तशा पुष्कळ मिळाल्या नाहीत.

* * *

आणि मग गेल्या डिसेंबरात एजंटबाईंचा फोन आला. काकांनी टेप पाठवली होती एका पोलिसी मालिकेसाठी. काकांचं काम छान आहे, पण त्यांना तो आवाज हवाय, एजंटबाई म्हणाल्या. कुठला आवाज? तो, कॅमेऱ्याच्या मागचा. नट निवडणारे कास्टिंगवाले इतक्या टेपांमधून तो आवाज ऐकत आले होते. आता त्यांच्याकडे एक भूमिका आली होती: खुनाची एकमेव साक्षीदार, कशानंही न डगमगणारी म्हातारी. दीड पान संवाद. भूमिकेला नाव होतं, मिसेस जोशी.

काकांना वाईट वाटलं. त्यांनी ते लपवलं नाही. बर्फ थोडाच पडला होता, तरी ते तासभर ड्राइव्हवे साफ करत राहिले. मी त्यांना मफलर द्यायला गेले तर म्हणाले, "इतकी वर्षं मी कॅमेऱ्याच्या पुढे आणि ती मागे. त्यांना मागचीच आवडली."

काकूंनी तर साफ नाही म्हणून सांगितलं होतं. मी काय नटी आहे का, मला माझी कामं आहेत. शेवटी काकाच आत गेले, बूटसुद्धा न काढता. म्हणाले, "अगं, नाव असलेला रोल कुणी सोडतं का?"

काकू तयार झाल्या, पण अट घातली की हे बरोबर पाहिजेत. कास्टिंगवाले चांगले होते. त्यांनी सोफ्यावर मिसेस जोशींच्या शेजारी एक नवरा बसवला. संवाद नाही. स्क्रिप्टमध्ये त्याला नावही नाही, नुसतं 'हसबंड'. आणि महिनाभर काका रोज संध्याकाळी पोलिसाचे संवाद वाचत होते आणि काकू आपलं पाठ म्हणत होत्या.

* * *

शूटिंगच्या दिवशी बर्फ होता म्हणून मी गाडी घेऊन गेले. मला मॉनिटरमागे एक खुर्ची दिली. काकूंनी कपडेपटाची सिल्कची साडी परत केली होती. घरात बसून सिल्क कोण नेसतं? आपलीच सुती साडी आणि वर स्वेटर. काका शेजारी, हातात रिमोट. सीन सोपा होता. डिटेक्टिव्ह प्रश्न विचारते, टीव्हीचा आवाज मोठा आहे, मिसेस जोशी नवऱ्याला सांगतात की बारीक कर, तो न बोलता बारीक करतो, मग त्या खुनाचं सगळं सांगतात.

पहिल्या टेकला काकू म्हणाल्या, "अहो, टर्न डाउन द टीव्ही."

डायरेक्टर तिशीतली मुलगी होती. तिनं थांबवलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं की इथं नवऱ्याचं नाव घ्या, प्रेक्षकांना बरं पडेल. कुठलंही पहिलं नाव घ्या. वकिलांचं मी बघते.

काका पटकन म्हणाले, राहू दे, हसबंड चालेल. काकूंना अडचण होऊ नये म्हणून म्हणाले, हे मला खुर्चीतूनही कळलं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डायरेक्टरला विचारलं, "मी नाव घेतलं तर ते शेवटच्या यादीत येईल?"

ती म्हणाली, येईल की.

काकूंनी पदर सारखा केला, स्वेटरचं वरचं बटण लावलं. सगळे जागेवर गेले. अ‍ॅक्शन. डिटेक्टिव्हनं प्रश्न विचारला. टीव्ही मोठ्यानं चालू. काकू डिटेक्टिव्हकडेच बघत, लायब्ररीतल्या त्या सुरात म्हणाल्या,

"प्रभाकर, टर्न डाउन द टीव्ही."

काकांच्या हातातून रिमोट पडला.

कट झालं. डायरेक्टर सोफ्यापाशी गेली, खाली वाकून तिनं रिमोट उचलून काकांच्या हातात दिला आणि हळू आवाजात समजावून सांगितलं, "सर, असं दचकायचं नाही. बायको चाळीस वर्षं तुम्हाला याच नावानं हाक मारतेय."

काकांनी मान हलवली. त्या दिवशी सात टेक झाले.